स्टुडिओ नाशिकला, वर्ग सुरगाण्याला: थेट प्रसारणाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

सुरगाणा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक नव्हता. पद मंजूर होतं, भरलेलं नव्हतं. आधीच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि हे दोन्ही विषय मराठी-इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींच्या गळ्यात पडले. ते जमेल तसं निभावत होते. अशात शाळेला थेट प्रसारणाचा संच मिळाला. छतावर डिश, वर्गात मोठा टीव्ही, टीव्हीवर कॅमेरा, टेबलावर माइक, कोपऱ्यात इन्व्हर्टर. नाशिक शहरातल्या स्टुडिओतून गणिताच्या मॅडम शिकवणार, बऱ्याच शाळा एकाच वेळी ऐकणार, आणि मुलांना मध्येच प्रश्न विचारता येणार, अशी योजना.

पहिल्या सत्रात प्रश्न जवळजवळ आलेच नाहीत. दुसऱ्या सत्रात ते येऊ लागले, आणि चांगले येऊ लागले. डिश तीच होती, मॅडम त्याच होत्या, मुलंही तीच. मधल्या काळात बदल झाला तो बहुतेक शाळेच्या खोलीत आणि तासाच्या आखणीत. मी या प्रकरणाकडे दोन्ही टोकांनी पाहिलं आहे: स्टुडिओत तास तयार होताना, आणि वणी-बोरगावमार्गे पुढे गेल्यावर लागणाऱ्या या शाळेत तो तास उतरताना. शाळेचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव इथे देत नाही. जे घडलं ते थेट वर्ग चालवणाऱ्या कुठल्याही शाळेला उपयोगी पडेल, म्हणून तपशिलात मात्र हात आखडता घेतलेला नाही.

आधीचा थोडा इतिहास

उपग्रहावरून शिकवण्याचा आपल्याकडचा मोठा प्रयोग 1975-76 सालचा. अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत वर्षभर कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. नाशिकचा संबंध आला तो पुढे, मुक्त विद्यापीठामुळे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं आणि गंगापूर धरणाच्या परिसरात उभं राहिलं. एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा पहिला भारतीय उपग्रह 20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याआधी इन्सॅट-3बी वरून ज्या चाचण्या झाल्या, त्यांत कर्नाटक आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांबरोबर नाशिकचं हे विद्यापीठही होतं. दुरून शिकवणं ही गोष्ट नाशिकला नवी नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं.

एज्युसॅटची सेवा 2010 मध्ये संपली. 2017 मध्ये स्वयंप्रभा या केंद्र सरकारच्या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आल्या, 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी टिलीमिली मालिका आली. तिने त्या दिवसांत फार मोठं काम केलं. पण हा सगळा एका बाजूने वाहणारा मजकूर होता. पडद्यापलीकडच्या मुलाने काही विचारलं तर ते ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं, आणि त्या कार्यक्रमांनी तसा दावाही केला नव्हता. या शाळेला मिळालेल्या संचाचा दावा वेगळा होता. तो होता संवादाचा, आणि म्हणून त्याला संवादाच्याच मापाने मोजलं पाहिजे.

पहिलं सत्र: "समजलं का मुलांनो?"

सातवीचा पूर्णांक संख्यांचा तास. मॅडमची तयारी उत्तम. पडद्यावर उभी संख्यारेषा, शून्याच्या वर डोंगर, खाली विहीर, बादली खालीवर होते. ऋण चार अधिक सहा म्हणजे बादली चार हात खालून सहा हात वर. अजून आठवतंय, मुलं टक लावून बघत होती. मग मॅडमनी विचारलं, "समजलं का मुलांनो?" खोलीतून एकसुरात "हो" आलं. पण माइक बंद होता, त्यामुळे तो "हो" स्टुडिओत पोहोचलाच नाही. मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही शंका?" आणि थांबल्या. साधारण तीनेक सेकंद थांबल्या असतील. मग पुढच्या उदाहरणाकडे वळल्या.

त्या तीन सेकंदांत सुरगाण्याच्या वर्गात काय घडणं अपेक्षित होतं ते पाहा. मुलाने मनात प्रश्न जुळवायचा. चारचौघांत उठायचं धाडस करायचं. ओळीतून वाट काढत टीव्हीच्या टेबलापर्यंत जायचं. गुरुजींनी "हात वर" चं बटण दाबायचं. स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने शाळांच्या यादीतून ही शाळा निवडायची. माइक सुरू व्हायचा. मग बोलायचं. मागच्या रांगेत एक मुलगा खरंच अर्धा उठला होता. पडद्यावर पुढचं उदाहरण आलं, तो खाली बसला. त्या तासाला पुन्हा उठला नाही.

यात उपग्रहाचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. आवाज-चित्र तिथवर जाऊन परत खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. स्टुडिओचा प्रश्न शाळेत आणि शाळेचं उत्तर स्टुडिओत, असा दुहेरी फेरा धरला तर अर्धा सेकंद. चित्र दाबून बारीक करण्याची प्रक्रिया त्यात आणखी थोडी भर घालते. समोरासमोर बोलण्याची सवय असलेल्या माणसाला हा अर्धा-पाऊण सेकंद विचित्र वाटतो. आपण बोललो, समोरून काही नाही, म्हणून आपण पुन्हा बोलतो, तेवढ्यात समोरचं बोलणं येऊन धडकतं. दोघंही थांबतात. दोनदा असं झालं की मॅडम बोलायला घाबरतात आणि मूल तर गप्पच होतं.

तरी खरा खोळंबा बसला तो माणसाच्या सवयीचा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं तिला आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, असंही दिसलं. हे एकाच खोलीतल्या वर्गाबद्दल आहे. ज्या वर्गात माइकपर्यंत चालत जावं लागतं आणि वर उपग्रहाचा फेरा आहे, तिथे तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. तिथे अर्धा मिनिट लागतो. आणि अर्धा मिनिट रिकामा पडदा ठेवायला स्टुडिओतल्या कुणाचंही मन धजत नाही. कॅमेऱ्यासमोरची शांतता म्हणजे बिघाड, असं प्रसारणाच्या लोकांच्या अंगात भिनलेलं असतं.

स्टुडिओत बसून पाहिलं तर दुसरी बाजू कळते. मॅडमच्या समोरच्या पडद्यावर शाळांच्या छोट्या चौकटी. या शाळेच्या चौकटीत नुसत्या काळ्या आकृत्या दिसायच्या, कारण कॅमेरा खिडकीकडे तोंड करून होता आणि मुलांच्या पाठीमागून उजेड यायचा. कोण हसतंय, कोण गोंधळलंय, काही दिसत नव्हतं. चेहरे दिसत नाहीत, आवाज येत नाही, तर शिकवणारा माणूस आपोआप भाषणाकडे सरकतो. मॅडमचा मला त्यात दोष वाटत नाही. त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं, थांबण्याचं कुणी दिलं नव्हतं.

आणि गुरुजी? त्यांना आलेल्या पत्रात त्यांचं काम असं सांगितलं होतं: संच वेळेवर सुरू करणे, मुलांना शांत बसवणे, हजेरी कळवणे. वीस वर्षं शिकवलेला माणूस तासभर दाराजवळ खुर्ची टाकून रिमोट सांभाळत होता. मुलं आपसात कोकणा बोलीत काही कुजबुजली तर त्यांना गप्प करणं, एवढंच त्यांचं कर्तव्य ठरलं होतं. खरं तर ती कुजबुज म्हणजे त्या वर्गातली एकमेव गणिती चर्चा होती.

पाऊस आणि खिचडी

दोन अडचणींचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्या सोडवायला सोप्या आहेत आणि तरी वर्षानुवर्षं तशाच राहतात.

पहिली पावसाची. लहान डिशवर चालणारा केयू बँड हा रेडिओलहरींचा पट्टा 12 ते 14 गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो, आणि जोराचा पाऊस त्या लहरी शोषतो. 4 ते 6 गिगाहर्ट्झच्या सी बँडला हा त्रास फार कमी, पण त्याची डिश मोठी आणि महाग लागते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा नाशिक जिल्ह्याचा सर्वात ओला पट्टा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मुसळधार सर आली की चित्र थिजतं, चौकोन चौकोन होतं, आणि जातं. वर पत्र्यावर पाऊस वाजत असतो तेव्हा चित्र असूनही आवाज ऐकू येत नाही, हे वेगळंच. तशा वेळी गुरुजी मोबाइलवर यूट्यूबवरचं थेट प्रसारण लावायचे. ते दिसायचं, पण तिथे साधारण अर्ध्या मिनिटापर्यंतचा उशीर असतो. मुलाचं उत्तर फोनवरून कळवेपर्यंत स्टुडिओत दुसरंच प्रकरण सुरू झालेलं. त्या रस्त्याने पाहणं होतं, बोलणं होत नाही. ज्या तालुक्यांत निम्मं पहिलं सत्र पावसाचं असतं, तिथे पावसाळ्यात थेट तासांचा आग्रह धरूच नये असं माझं मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पेन ड्राइव्हवरचे छोटे भाग आणि आठवड्यातून एकदा नुसत्या आवाजाचा संपर्क ठेवावा. चांगल्या दर्जाच्या नुसत्या आवाजाला सेकंदाला 32 किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला पंधरा एमबीसुद्धा लागत नाही.

दुसरी वेळेची. प्रसारणाची वेळ स्टुडिओच्या सोयीने ठरली होती आणि ती या शाळेच्या खिचडीच्या वेळेवर येत होती. टीव्हीवर गुणोत्तर चाललंय आणि खिडकीतून फोडणीचा वास येतोय, अशा स्थितीत आठवीची पोरंसुद्धा लक्ष देत नाहीत. केंद्रप्रमुखांनी सगळ्या शाळांना वेळ विचारून तास सकाळी आणला, आणि हा प्रश्न एका पत्राने मिटला.

इन्व्हर्टरची बॅटरी बसली तेव्हा मात्र बरेच आठवडे गेले. संच पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो म्हणायचा आणि यायचा नाही. दुरुस्तीचा करार कागदावर होता, त्यात किती दिवसांत यायचं हे लिहिलेलं नव्हतं. ती एक ओळ करारात असावी.

गुरुजी दारापासून फळ्यापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत केंद्रप्रमुख, मॅडम आणि या शाळेसह आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसले. चर्चा अर्थातच आधी यंत्रावर गेली. नवा माइक हवा, प्रत्येक मुलाला उत्तराचं बटण हवं, वगैरे. मग एका शिक्षिकेने सरळ हिशोब मांडला. समजा चाळीस शाळा जोडल्या आहेत आणि तास चाळीस मिनिटांचा आहे. प्रत्येक शाळेला एकेक मिनिट दिलं तरी शिकवायला काही उरत नाही. म्हणजे माइक कितीही चांगला आणला तरी एका मुलाला मॅडमशी बोलायची संधी महिन्यातून एकदा मिळाली तरी नशीब. मग बाकीच्या वेळी त्या मुलाने कुणाशी बोलायचं?

या प्रश्नाने बैठकीची दिशा बदलली असं मी मानतो. उत्तर समोरच बसलेलं होतं: शेजारच्या मुलाशी आणि गुरुजींशी.

जगात हे आधी ओळखलं गेलेलं आहे. 1970 च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवलं गेलं. तिथे मुलांचा आवाज स्टुडिओत पोहोचायचा काही मार्गच नव्हता. तरी रेडिओ प्रश्न विचारायचा, ठरावीक वेळ गप्प बसायचा, मुलं मोठ्याने उत्तर द्यायची किंवा वहीत लिहायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. त्या मुलांचं गणित इतर वर्गांपेक्षा सरस निघालं. परतीची तार नसताना हे जमलं, कारण थांबण्याची जागा आधीच आखलेली होती आणि खोलीतल्या प्रत्येक मुलाकडून काहीतरी करवून घेतलं जात होतं. ब्राझीलच्या अमेझोनास राज्यात 2007 पासून मनाउस शहरातल्या स्टुडिओतून नदीकाठच्या, होडीनेच पोहोचता येणाऱ्या गावांतल्या वर्गांना थेट शिकवतात. तिथे प्रत्येक वर्गात एक शिक्षक हजर असतो आणि तो अध्यापनाचा भाग मानला जातो. आपल्याकडे मात्र संच आला की शिक्षक ऑपरेटर होतो.

बैठकीत ठरलं ते असं. तासाच्या दोन दिवस आधी मॅडमचं एक पानी टाचण व्हॉट्सअ‍ॅपवर शाळांना जाईल. त्यात तासात काय शिकवणार यापेक्षा गुरुजींनी काय करून घ्यायचं ते लिहिलेलं असेल: आदल्या दिवशी मुलांनी काय मोजून आणायचं, कोणत्या क्षणी स्टुडिओ थांबणार, त्या वेळी मुलांनी जोडीने काय बोलायचं, आणि मुलं हमखास कुठे घसरतात. स्टुडिओ सलग बारा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलणार नाही. मग पडद्यावर घड्याळ येईल आणि पाच-सात मिनिटं मॅडम गप्प राहतील. त्या वेळात वर्ग गुरुजींचा. मुलं त्यांना हव्या त्या बोलीत बोलतील. वर्गातून एकच उत्तर किंवा एकच प्रश्न निवडून गुरुजी तो मेसेजने पाठवतील. मॅडम सगळ्या शाळांची उत्तरं पाहून दोन-तीन शाळांना पडद्यावर बोलावतील, आणि त्यात चुकलेलं पण विचार केलेलं उत्तर एकतरी असेल.

खोलीतही बदल झाले, बिनखर्चाचे. बसण्याची दिशा फिरवली, उजेड मुलांच्या चेहऱ्यावर पडू लागला. माइकची वायर वाढवून तो मुलांच्या मधोमध आणला आणि स्पीकरपासून लांब नेला, त्यामुळे शिट्टी वाजायची थांबली. बोलणाऱ्याने बटण दाबून आधी एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायचं, बोलून झालं की "झालं" म्हणायचं, ही सवय मुलांनी दोन-तीन तासांत उचलली. उपग्रहाच्या अर्ध्या सेकंदाचा त्रास त्या एका शब्दाने संपला.

मॅडमना सर्वात जड गेलं ते गप्प राहणं. पहिल्या काही तासांत घड्याळ चालू असताना त्या मध्येच "विचार करा हं, विचार करा" असं म्हणायच्या. शेवटी त्यांनीच तंत्रज्ञाला सांगून त्या वेळात स्वतःचा माइक बंद ठेवायला लावला.

पत्र्यावरच्या पाण्याचा तास

दुसऱ्या सत्रातला एक तास सविस्तर सांगतो, कारण थेट प्रसारण कशासाठी असावं ते मला त्या तासाला दिसलं. विषय घनफळाचा. टाचणात लिहिलं होतं: आदल्या दिवशी मुलांनी शाळेच्या पत्र्यावर वर्षभरात किती पाणी पडतं ते काढायला लागणारी मापं घ्यावीत. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटर धरावा.

गुरुजींना घनफळाची सूत्रं फारशी आठवत नव्हती. पण मोजमाप करून घेणं त्यांना जमत होतं. मुलांनी टेप आणि दोरी घेऊन इमारत मोजली. लांबी बारा मीटर. रुंदीवर मात्र दोन तट पडले. काहींनी जमिनीवर मोजून सहा मीटर लिहिली. चढून बसण्यात पटाईत असलेल्या दोघांनी शिडी लावून पत्र्याच्या उताराची तिरकी लांबी दोरीने मोजली, दोन्ही बाजू मिळून ती सहाहून जास्त भरली. वाद तसाच ठेवून सगळे घरी गेले. गुरुजींनी तो मिटवला नाही, कारण टाचणात तसं लिहिलं होतं, आणि खरं उत्तर त्यांनाही पक्कं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तासाला घड्याळ लागलं तेव्हा या शाळेकडून उत्तराऐवजी प्रश्न गेला. सातवीतल्या एका मुलीने तो मांडला होता: पत्रा उतरता आहे, तर पाणी मोजताना तिरकी लांबी धरायची की खालची सरळ?

मॅडमच्या टाचणात हा प्रश्न नव्हता. त्यांनी मेसेज वाचला, आखलेला पुढचा भाग बाजूला ठेवला, शाळेला पडद्यावर घेतलं आणि त्या मुलीला प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारायला लावला. ती बटण दाबून, श्वास घेऊन, बोलली. "झालं" म्हणाली. मॅडमनी उत्तर दिलं नाही. त्यांनी सगळ्या शाळांना पुन्हा घड्याळ लावून दिलं आणि सांगितलं, "वही घ्या, आडवी धरा. वर सरळ पाऊस पडतोय असं समजा. आता वही तिरकी करा. तिच्यावर पडणारं पाणी वाढलं की कमी झालं? खाली जमिनीवर वहीची सावली बघा."

वर्गात जे सुरू झालं ते मी लिहून ठेवलं आहे. वह्या तिरक्या झाल्या. खिडकीच्या उन्हात सावल्या आखूड होऊ लागल्या. "वही तेवढीच आहे, सावली लहान झाली" असं एकाने म्हटलं. दुसऱ्याने उलट प्रश्न केला की मग पत्रा मोठा लावला तरी पाणी तेवढंच का? शिडीवर चढलेल्या दोघांपैकी एकाने अंगणात काडीने पत्र्याची कड जिथे येते तिथे रेघ मारली आणि म्हणाला, पाऊस या रेघेच्या आतला. गुरुजी फळ्याजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या रेघेचं चित्र काढलं. पहिल्या सत्रात दाराजवळ बसलेला हाच माणूस.

उत्तर सगळ्या शाळांत मिळून निघालं: सरळ पडणाऱ्या पावसाला छताची जमिनीवरची सावलीच मोजावी लागते. मग हिशोब सोपा. बारा गुणिले सहा म्हणजे 72 चौरस मीटर. दोन हजार मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. गुणाकार 144 घनमीटर, म्हणजे 1,44,000 लिटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे मॅडमनी शेवटी सांगितलं आणि मुलांनी त्या वाटेने ताळा करून पाहिला. शाळेला रोज 500 लिटर पाणी लागतं असं धरलं तर ते 288 दिवस पुरेल. शाळेची टाकी हजार लिटरची आहे. हे एका मुलाने न विचारता सांगितलं, आणि मॅडमनी पुढचा गृहपाठ तिथेच बदलला: टाकी केवढी हवी?

ज्या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी डोंगरावरून धो धो वाहत नार-पारसारख्या नद्यांतून पश्चिमेला निघून जातं आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन चालतात, तिथे हा गृहपाठ मुलांनी घरी मोठ्या माणसांशी बोलून केला. चेहरे दिसत असल्यामुळे दुसऱ्या तासाला मॅडमना ते कळलंही.

हाच तास आधी चित्रित करून दाखवला असता तर त्यात ती मुलगी नसती. माझा आग्रह इथे आहे. ज्या तासात मुलाच्या बोलण्याने शिक्षकाचं पुढचं वाक्य बदलू शकत नाही, तो तास थेट असण्याची काहीच गरज नाही. तो चित्रित करावा, गुरुजींच्या हाती द्यावा, त्यांना हवा तिथे थांबवू द्यावा. थेट प्रसारणाचा खर्च आणि खटाटोप फक्त त्या तासांसाठी राखावा, ज्यांत बदलायला जागा ठेवली आहे. स्टुडिओने आता आठवड्यातले तास निम्म्यावर आणले आहेत. ज्यांना संख्या मोजायची असते त्यांना ते आवडलं नाही.

जे सुटलं नाही

सहावी, सातवी, आठवी एकाच खोलीत बसतात, आणि मॅडम सातवीला शिकवत असताना सहावीची मुलं नुसती बसून असतात. टाचणात त्यांच्यासाठी सोपा भाग घालायला सुरुवात झाली आहे, पण ते पुरत नाही.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, मुलंही जातात. थेट तासाचा बुडालेला दिवस परत येत नाही. या मुलांसाठी चित्रित भाग ठेवले जातात, ती परत आल्यावर गुरुजी दाखवतात. ज्या वर्गात बोलायला मिळतं त्यातून ही मुलं सर्वात आधी गळतात, हे मला फार लागतं. त्यावरचा इलाज प्रसारणाजवळ नाही, गावातच मुलांची राहण्याची सोय करण्यात आहे.

विज्ञानाचं अजून जमलेलं नाही. प्रयोग पडद्यावर पाहून विज्ञान येत नाही, आणि शाळेत साहित्य नाही.

आणि पद अजून रिकामंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा एक शिक्षक असलाच पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. गुरुजी घनफळाचा तास छान घेऊ लागले म्हणून ते गणिताचे शिक्षक झाले नाहीत. त्यांचे मराठीचे तास त्यापायी कमी झाले आहेत आणि पाचवीतून आलेल्या काही मुलांना अजून सलग वाचता येत नाही. संच बसवलेल्या शाळांची माहिती वर पाठवताना रकान्यात "गणित: प्रसारणाद्वारे सुरू" असं लिहिलं जातं. तो रकाना वाचणाऱ्याला पद भरायची घाई वाटणार नाही, ही भीती बैठकीत उघडपणे बोलली गेली.

पुढच्या सत्रात आठवीचा विजेचा भाग आहे. सेल, वायर, छोटे दिवे आणि होकायंत्र यांची पेटी प्रत्येक शाळेला आधी पाठवायची आणि टाचण मॅडमनी दोन शाळांच्या गुरुजींबरोबर बसून लिहायचं, असं ठरलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीने रिक्त पदाचा ठराव पुन्हा पाठवला आहे. प्रसारण चालू असलं तरी गणित-विज्ञानाचं पद रिक्तच समजावं, अशी ओळ त्यात मुद्दाम घातली आहे.